डिजिटल हॅम रेडिओ घ्यायचाय? आधी आवाजाचा रस्ता बघा, मग सेट निवडा

कल्याण ग्रामीण (प्रतिनिधी) : पावसाळ्यात आपल्या भागात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आधी लाईट जाते, मग काही तासांनी टॉवरची बॅटरी उतरते आणि हातातला मोबाईल नुसता टॉर्च म्हणून उरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कल्याण, बदलापूर पट्टाही पाण्यात होता आणि फोन लागत नव्हते. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. सुमारे १०५० प्रवाशांना बोटींनी आणि इतर साधनांनी बाहेर काढावं लागलं, त्यात आजूबाजूचे गावकरीही उतरले होते.

अशा बातम्या आल्या की गावातली तरुण पोरं विचारतात, "वॉकीटॉकी घेतला तर?" आमच्याकडच्या एकाने व्हिडिओ बघून ऑनलाइन डिजिटल सेट मागवला. जगभर बोलता येतं असं व्हिडिओत दाखवलं होतं. सेट चालू केला, बटण दाबलं, समोरून काहीच नाही. सेट चांगला होता. पण त्याच्या सिग्नलला पोहोचायला जवळपास रिपीटर नव्हता, घरात हॉटस्पॉट नव्हता आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे परवानाही नव्हता. पैसे गेले ते गेले, वर कायद्याची भीती.

म्हणून हा लेख. डिजिटल हॅम रेडिओवर आवाज कोणत्या रस्त्याने जातो आणि त्याप्रमाणे कोणता सेट घ्यायचा, ते साध्या भाषेत बघू.

आधी परवाना, मग सेट

हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. स्वतः शिकण्यासाठी, प्रयोगासाठी आणि संकटात मदतीसाठी सरकार काही फ्रिक्वेन्सी हौशी लोकांना वापरायला देतं. त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा परीक्षा घेते. अर्ज सरल संचार पोर्टलवर भरायचा. वय किमान १२ वर्षं लागतं. परीक्षेत दोन विषय असतात : रेडिओचं तंत्र आणि नियम.

दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही आणि साधारण व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं. जनरल ग्रेडला मोर्स लागतो आणि कॉलसाइन व्हीयू२ ने सुरू होतं. बारावी झालेल्या माणसाला रिस्ट्रिक्टेडचा अभ्यास जड नाही. पास झाल्यावर पडताळणी होते, त्यात काही महिने जातात. फी आणि नियम बदलत असतात, म्हणून फॉर्म भरताना पोर्टलवरची ताजी माहितीच धरा.

तीन गोष्टी लोक विसरतात :

- परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. तुम्ही शेतावरून बोलणार आणि घरी बायको उत्तर देणार, तर तिचाही परवाना हवा.
- धंद्याचं बोलणं चालत नाही. भाजीचा भाव, मजुरांचं नियोजन, टेम्पो बोलावणं हे हॅम बँडवर करायचं नाही.
- बोलणं उघड भाषेत हवं. अनेक डिजिटल सेटमध्ये एन्क्रिप्शन म्हणजे आवाजाला कुलूप लावायची सोय असते. हॅम बँडवर ती बंद ठेवायची.

परवाना नसताना सेट बाळगणं हाही गुन्हा आहे. पूर्वी १९३३ चा वायरलेस कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. दोन्हींत ही अट आहेच. "मी नुसतं ऐकतो" हे कारण पुढे करून सेट घेऊ नका.

साधा एफएम आणि डिजिटल

जुन्या पद्धतीच्या एफएम सेटमध्ये आवाज आहे तसा लहरीवर चढतो. लांब गेलं की खरखर वाढत जाते, पण कान लावला तर शब्द कळतात. डिजिटलमध्ये सेट आधी आवाजाचे आकडे करतो, ते आकडे पाठवतो आणि समोरचा सेट पुन्हा आवाज बनवतो. त्यामुळे आवाज स्वच्छ येतो, कॉलसाइन स्क्रीनवर दिसतं आणि इंटरनेटवरून पुढे पाठवणं सोपं जातं. पण सिग्नल अगदी कमी झाला की आवाज आधी रोबोटसारखा तुटतो आणि मग एकदम बंद होतो. कडेच्या गावाला हा फरक जाणवतो.

डिजिटलच्या तीन भाषा जास्त चालतात :

- डी-स्टार : जपानच्या हौशी रेडिओ संघटनेने बनवलेली. मुख्यतः आयकॉम कंपनीचे सेट.
- डीएमआर : युरोपातलं मानक, २००५ चं. मुळात कारखाने, सिक्युरिटी वगैरेंसाठी. सेट बऱ्याच कंपन्यांचे मिळतात.
- सी४एफएम : येसू कंपनीची पद्धत, नाव सिस्टम फ्यूजन.

या तिन्ही भाषा एकमेकींना कळत नाहीत. डीएमआरच्या सेटवर बोललेलं डी-स्टारच्या सेटवर ऐकू येत नाही. मध्ये इंटरनेटवर भाषांतर करणारे सर्व्हर असतात, पण सेट टू सेट नाही. म्हणून ज्यांच्याशी बोलायचंय त्यांची भाषा कोणती, हा पहिला प्रश्न.

आवाजाचे तीन रस्ते

पहिला रस्ता थेट. एका सेटवरून दुसऱ्या सेटवर, मध्ये काही नाही. याला सिम्प्लेक्स म्हणतात. व्हीएचएफ आणि यूएचएफच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेना जमिनीपासून जितके मीटर उंच, त्या आकड्याचं वर्गमूळ काढून ४.१ ने गुणलं की त्या बाजूची कागदावरची पोच किलोमीटरमध्ये मिळते. हातातला सेट दीड मीटरवर धरला तर ५ किलोमीटर, दोन्ही बाजूंचे मिळून १०. तेही मोकळ्या मैदानात. आपल्याकडे झाडं, टेकड्या आणि डोंबिवलीत इमारती, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-चार किलोमीटरच धरा. हाच अँटेना घराच्या गच्चीवर ९ मीटर उंच नेला तर एका बाजूची पोच १२ किलोमीटर होते, दोन्हीकडे गच्ची असेल तर २४ च्या आसपास. कल्याण ते मुरबाड तीसेक किलोमीटर आहे. म्हणजे हातातल्या सेटवर ते होणार नाही, पण मध्ये टिटवाळ्याकडे कुणी चांगल्या उंचीवर असेल तर निरोप टप्प्याटप्प्याने पुढे जाऊ शकतो.

दुसरा रस्ता रिपीटर. डोंगरावर किंवा उंच इमारतीवर ठेवलेलं यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत पाठवतं. उंचीचा फायदा किती ते माहुलीच्या उदाहरणावरून कळेल. हा डोंगर साधारण ८५० मीटर उंच. वरचाच हिशेब लावला तर कागदावर १२० किलोमीटर येतात. हे फक्त गणित समजण्यासाठी, तिथे रिपीटर आहे असं समजू नका. आणि डोंगराच्या मागे दरीत असलेल्या गावाला हा हिशेब लागू होत नाही. माळशेजच्या पायथ्याच्या माणसाला हे सांगायला नको.

तिसरा रस्ता इंटरनेटचा. रिपीटर इंटरनेटला जोडलेला असेल तर तुमचा आवाज तिथून सर्व्हरला आणि सर्व्हरवरून दुसऱ्या गावातल्या, राज्यातल्या किंवा देशातल्या रिपीटरला जातो. व्हिडिओत दिसणारं जगभरचं बोलणं हे या रस्त्याचं आहे. तुमचा ५ वॉटचा सेट फक्त पहिल्या रिपीटरपर्यंत पोहोचतो, पुढचं काम केबलचं.

रस्ता सेटमध्ये कसा भरायचा

डी-स्टारची पद्धत पोस्टाच्या पत्त्यासारखी आहे. सेटमध्ये चार रकाने असतात. 'माय' मध्ये तुमचं कॉलसाइन, म्हणजे पाठवणारा. 'युअर' मध्ये कुणासाठी ते. सगळ्यांसाठी असेल तर सीक्यूसीक्यूसीक्यू. 'आरपीटी-१' मध्ये जवळचा रिपीटर, म्हणजे आपलं पोस्ट ऑफिस. 'आरपीटी-२' मध्ये त्याचं गेटवे, म्हणजे पुढे टपाल नेणारं ऑफिस. प्रत्येक रकान्यात आठ जागा असतात आणि रिपीटरच्या बाबतीत आठव्या जागेवर अक्षर लागतं : साधारण व्हीएचएफला सी, यूएचएफला बी, गेटवेला जी. अक्षर सातव्या जागेवर पडलं तरी रस्ता लागत नाही. आरपीटी-२ रिकामा ठेवला तर आवाज स्थानिक रिपीटरच्या पुढे जात नाही. तुमचं कॉलसाइन गेटवेला आधी नोंदवलेलं असावं लागतं.

यात नवे लोक एक चूक हमखास करतात. कुणी लांबून रस्ता लावून तुम्हाला हाक मारली आणि तुम्ही नुसतं बटण दाबून उत्तर दिलं, तर तुमचं उत्तर तुमच्याच रिपीटरवर राहतं. समोरच्याला वाटतं कुणी नाही. उत्तर देण्याआधी आलेलं कॉलसाइन 'युअर' मध्ये घेण्याचं बटण सेटवर असतं, ते दाबायचं. बऱ्याच जणांनी एकत्र बोलायचं असेल तर रिफ्लेक्टर वापरतात. रिफ्लेक्टर म्हणजे इंटरनेटवरची चावडी. जोडणीची आज्ञा एकदा पाठवली की 'युअर' पुन्हा सीक्यूसीक्यूसीक्यू करायचं.

डीएमआरमध्ये पत्त्याऐवजी नंबर असतात. तुमचा स्वतःचा सात आकडी आयडी, जो कॉलसाइन दाखवून मोफत नोंदवून मिळतो. भारताचे आयडी ४०४ ने सुरू होतात. मग रिपीटरची फ्रिक्वेन्सी, त्याचा कलर कोड ० ते १५ पैकी एक, टाइम स्लॉट १ किंवा २ आणि शेवटी टॉकग्रुप. एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळेचे दोन बारीक तुकडे करून दोन बोलणी एकाच वेळी चालतात, म्हणून स्लॉट. टॉकग्रुप म्हणजे कोणत्या गटासाठी बोलतोय. ब्रँडमायस्टर नावाच्या जाळ्यात भारतासाठी ४०४ आहे, जगासाठी ९१. ९९९० ला खाजगी कॉल केला तर तुमचाच आवाज परत ऐकू येतो, चाचणीला चांगला. यातला एक नंबर चुकला तरी सेट गप्प राहतो.

ही सगळी माहिती कॉम्प्युटरवर भरून केबलने सेटमध्ये टाकायची असते. त्या फाईलला कोडप्लग म्हणतात. नेटवरून दुसऱ्याचा कोडप्लग घेतला तर त्याचा आयडी काढून आपला टाका आणि फ्रिक्वेन्सी तपासा.

सी४एफएम तिन्हीत सोपं. सेट एफएम आहे की डिजिटल ते आपोआप ओळखतो आणि तसं उत्तर देतो. रिपीटर येसूच्या वायर्स-एक्स जाळ्याला जोडलेला असेल तर सेटवरून 'रूम' निवडायची.

रिपीटर जवळ नसेल तर हॉटस्पॉट

हॉटस्पॉट म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा रिपीटर. छोटा कॉम्प्युटर, त्यावर रेडिओचा बोर्ड आणि घरातलं वायफाय. ताकद साधारण १० मिलिवॉट, म्हणजे घर आणि अंगण. डी-स्टार, डीएमआर, सी४एफएम तिन्ही चालतात. पण दोन गोष्टी सांभाळा.

एक, फ्रिक्वेन्सी. भारतात हॅमसाठी व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे. परदेशी व्हिडिओत हॉटस्पॉटला ४३८.८०० किंवा ४३१ वगैरे टाकतात. ते आपल्या बँडच्या बाहेर आहे. आणि ४३५ ते ४३८ हा भाग जगभर सॅटेलाइटसाठी मोकळा ठेवतात, तिथेही हॉटस्पॉट लावू नये.

दोन, परवान्याच्या अटी. इंटरनेटला जोडलेलं यंत्र चालवण्याआधी आपल्या परवान्यात कोणत्या प्रकारचं प्रसारण लिहिलंय ते वाचा. शंका असेल तर डब्ल्यूपीसीला लेखी विचारा. कुणी व्हॉट्सअॅपवर "चालतं" म्हणालं म्हणून लावू नका.

पूर आला की कोणता रस्ता तुटतो

डिजिटल सेट घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी समजून घ्यायला हवं. इंटरनेटचा रस्ता सगळ्यात लांब जातो, पण सगळ्यात आधी तोच तुटतो. घरची लाईट गेली, वायफाय बंद. टॉवर पडला, मोबाईल डेटा बंद. हॉटस्पॉट तिथेच संपला. रिपीटरला बॅटरी असेल तर तो चालू राहील, पण इंटरनेट नसताना फक्त स्थानिक. तीही बॅटरी संपली की उरतो थेट रस्ता, सिम्प्लेक्स.

२६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. बाकी दळणवळण कोलमडलं असताना त्यांनी अंदमानातून मुख्य भूमीपर्यंत निरोप पोहोचवले. ते काम शॉर्टवेव्हवर थेट झालं. त्यासाठी मध्ये इंटरनेट लागलं नाही.

म्हणजे डिजिटल वाईट असं नाही. रोजच्या सरावाला, शिकायला, लांबच्या लोकांची ओळख व्हायला ते उत्तम आहे. पण ज्या सेटवर साधा एफएम चालत नाही, तो सेट आपल्या भागासाठी घेऊ नये. बाजारातल्या बहुतेक डिजिटल हॅम सेटमध्ये एफएम असतोच, फक्त त्याचे चॅनल भरून ठेवलेले नसतात. ते आपण भरायचे.

सेट निवडताना

१. भाषा. तुमच्या आसपास पोहोचणारा रिपीटर कोणता आणि त्याची पद्धत कोणती, ते आधी विचारा. नेटवरच्या रिपीटरच्या याद्या जुन्या असतात, त्यातले काही बंद असतात. मुंबई अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटीसारख्या संस्थांत किंवा ठाणे-कल्याणच्या परवानाधारक हॅमकडे चौकशी करा. शक्य असेल तर त्यांना घेऊन आपल्या गच्चीवरून रिपीटर लागतो का ते बघा. ही चाचणी सेट घेण्याआधी करायची.

२. बँड. दोन्ही बँडचा सेट घ्या. टीवायटी एमडी-३८० सारखे काही जुने डीएमआर सेट एकाच बँडचे येतात, व्हीएचएफ किंवा यूएचएफ. आयकॉमचा आयडी-३१ फक्त यूएचएफ. स्वस्तात जुना मिळाला म्हणून घेतला आणि रिपीटर दुसऱ्या बँडवर निघाला, असं होतं.

३. डीएमआर घेत असाल तर टियर-२ बघा. सुरुवातीचे काही स्वस्त सेट टियर-१ चे होते, ते रिपीटरवर चालत नाहीत.

४. ताकद. हातातला सेट ५ वॉटचा पुरतो. ५ चे १० वॉट केल्याने फारसा फरक पडत नाही, अँटेना उंच केल्याने पडतो. जाहिरातीतला "५० किलोमीटर रेंज" हा आकडा सोडून द्या. वाचलेले पैसे चांगल्या अँटेनात आणि केबलमध्ये घाला.

५. पाणी. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपी५४ म्हणजे शिंतोडे सोसतो, बुडवायचा नाही. आयकॉम आयडी-५२ आयपीएक्स७ आहे, येसू एफटी-७०डी आयपी५४. आपल्या पावसात हा फरक मोठा आहे.

६. वीज. हातातल्या सेटला जादा बॅटरी घ्या. गाडीत लावायचा ५० वॉटचा मोबाइल सेट १३.८ व्होल्टवर चालतो, बोलताना साधारण १० अँपिअर खातो. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर तो चालेल, पण मध्ये फ्यूज हवा आणि सतत बोलत राहिलात तर ट्रॅक्टर स्टार्ट होणार नाही.

७. कुणासाठी कोणता. डीएमआर रिपीटर पोहोचत असेल आणि कॉम्प्युटरवर बसायची तयारी असेल तर टीवायटी एमडी-यूव्ही३८० किंवा एनीटोन एटी-डी८७८यूव्ही. डी-स्टारवाले सोबती असतील आणि खिसा परवानगी देत असेल तर आयकॉम आयडी-५२. फार भरणं-बिरणं नको, एफएम मुख्य आणि डिजिटल अधूनमधून, तर येसू एफटी-७०डी. काहीच पोहोचत नसेल तर पहिल्या वर्षी साधा दोन बँडचा एफएम सेट आणि गच्चीवर अँटेना. डिजिटल नंतर घेता येतो.

परवाना नको, फक्त शेतावर बोलायचंय

अशांसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी आहेत. ते विनापरवाना वापरता येतात. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँडही आहे. मात्र सेटला सरकारची उपकरण मंजुरी हवी आणि फ्रिक्वेन्सी तीच हवी. ऑनलाइन विक्रीत गोंधळ वाढल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विक्रेत्याने फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती दिली नसेल तर तो सेट घेऊ नका.

थोडक्यात क्रम

परीक्षा द्या. परवाना येईपर्यंत परवानाधारकाकडे बसून शिका. गच्चीवरून काय पोहोचतं ते तपासा. मग त्या रस्त्याला जुळणारा, एफएमसुद्धा चालणारा सेट घ्या. गावात दोन-तीन परवानाधारक झाले की एक सिम्प्लेक्स चॅनल ठरवा आणि आठवड्यातून एकदा वायफाय बंद करून, रिपीटर न वापरता एकमेकांना हाक मारा. कोणत्या घरातून कोणतं घर लागतं ते वहीत लिहून ठेवा. उल्हास, काळू किंवा भातसाला पाणी चढेल त्या रात्री ही वही लागेल.